जुने यान, नवा पाठ

विज्ञानकथेवरची दूरचित्रवाणी-मालिका आणि पाठचिकित्सा हे दोन विषय एकाच लेखात आलेले पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जुन्या मालिकांचे रीमास्टरिंग करताना त्यांतील स्पेशल इफेक्ट्स बदलावेत की नाही, हा अनेक वर्षे चाललेला वाद मुळात पाठाचा वाद आहे, असे आमचे मत आहे. मूळ संहिता कोणती, तिच्यात हात घालण्याचा अधिकार कोणाचा, आणि हात घातलाच तर आधीचा पाठ कोठे ठेवायचा, हे प्रश्न मराठीच्या अभ्यासकांना परके नाहीत.

उदाहरण म्हणून ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन मालिका घेऊ. सप्टेंबर १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग प्रसारित झाले. २००६ साली, चाळीस वर्षांच्या निमित्ताने, सीबीएस कंपनीने तिचे रीमास्टरिंग हाती घेतले. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्रण स्वच्छ करण्यात आले, आणि त्याचबरोबर अवकाशयानाची व ग्रहांची जुनी दृश्ये काढून त्यांच्या जागी संगणकावर तयार केलेली नवी दृश्ये बसवण्यात आली. पात्रे, संवाद, नेपथ्य १९६६चे. यानाबाहेरचे आकाश मात्र एकविसाव्या शतकातले, अशी ही आवृत्ती आहे.

या बदलाच्या समर्थकांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. त्या काळी यानाची प्रतिकृती, तारे, ग्रह हे सारे वेगवेगळे चित्रित करून ऑप्टिकल प्रिंटरवर एकत्र आणावे लागे. प्रत्येक वेळी नक्कल होताना प्रतिमेत रवाळपणा वाढे, कडा उमटत. घरातल्या लहान, धूसर पडद्यावर हे दोष दडून जात; आजच्या मोठ्या पडद्यावर ते ठळक दिसतात. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो तेही १९६६च्या प्रेक्षकाने पाहिलेले नाही, असे ते म्हणतात. हे खरे आहे. परंतु यातून सिद्ध होते ती प्रतिमा साफ करण्याची आवश्यकता. ती प्रतिमा काढून तिथे दुसरी बसवण्याचा अधिकार यातून मिळत नाही. हस्तलिखिताचे पान डागाळले असेल तर डाग पुसावा. पान नव्याने रचू नये.

शिवाय ज्यांना आपण दोष म्हणतो त्यांतील बरेचसे त्या कलाकृतीचे घडण-नियम असतात. दर आठवड्याला अवकाशयान ग्रहावर उतरताना दाखवणे खर्चात बसणारे नव्हते. म्हणून माणसे एका जागी विरघळून दुसऱ्या जागी प्रकट होण्याची युक्ती निघाली. प्रकाशझोतात ॲल्युमिनियमची भुकटी सोडून तिचे चित्रण केले, आणि त्यातून ती चमचम साधली. खर्चाच्या अडचणीतून कथनाची एक गती जन्माला आली. यानाची मोठी प्रतिकृती सुमारे अकरा फूट लांबीची होती आणि तिची एकच बाजू नीट पूर्ण केलेली होती. दुसऱ्या बाजूने विजेच्या तारा बाहेर येत. साहजिकच कॅमेरा कोठे जाऊ शकतो हे आधीच ठरून गेलेले होते. यान संथपणे, बहुधा एकाच अंगाने दिसते, त्यात या मर्यादेचाही भाग आहे.

१९६७चा ‘द डूम्सडे मशीन’ हा भाग पाहावा. ग्रह गिळत जाणारे एक राक्षसी यंत्र आणि त्याने मोडून टाकलेले एक भगिनी-यान, असा त्याचा विषय आहे. ते मोडके यान दुकानात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या खेळण्यातून उभे केलेले होते. तरीही तो भाग भय निर्माण करतो, कारण भयाचा भार प्रतिकृतीवर नाही. तो आपले सारे सहकारी गमावलेल्या कमोडोर डेकरच्या चेहऱ्यावर, त्याच्या तुटक बोलण्यावर आहे. संस्कृत नाटकात पात्र रंगमंचावर एक फेरी घेते आणि आपण वनातून राजवाड्यात पोहोचतो, तसाच हा संकेत आहे. नव्या आवृत्तीत यंत्र वास्तव वाटावे असे केले आहे आणि त्याभोवती याने चपळपणे फिरतात. दृश्य नेत्रदीपक झाले आहे, पण आता एकाच भागात दोन संकेतव्यवस्था नांदतात: आत रंगमंच आणि बाहेर वास्तवाचा आभास. बाहेरचे खरे वाटू लागले की आतले पुठ्ठ्याचे खडक अधिकच खोटे वाटतात. सुधारणेने झाकलेला दोष असा दुसरीकडे उघडा पडतो.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. याच परंपरेतील पुढच्या मालिकेचे, ‘द नेक्स्ट जनरेशन’चे (१९८७ ते १९९४), रीमास्टरिंग २०१२ ते २०१४ या काळात प्रकाशित झाले. ती फिल्मवर चित्रित झाली असली तरी तिचे संकलन व्हिडिओ टेपवर झाले होते. त्यामुळे मूळ निगेटिव्ह शोधून १७८ भाग पुन्हा जुळवावे लागले. यानांच्या प्रतिकृतींचे जुने चित्रण बहुतांशी तेच ठेवून नव्याने एकत्र आणले गेले. जेथे चालण्याजोगे मूळ हाती नव्हते तेथे संगणकाची मदत घेतली गेली. पाठचिकित्सेच्या भाषेत याला पाठनिश्चिती म्हणता येईल. २००६चे काम मात्र, कितीही संयमाने केलेले असले तरी, प्रक्षेप आहे. या दोहोंना रीमास्टरिंग हे एकच नाव देणे हा शब्दांचा घोटाळा आहे.

प्रक्षेप त्याज्यच असतो, असे आम्ही म्हणत नाही. तो प्रक्षेप म्हणून ओळखता आला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे. २००९च्या ब्लू-रे संचात पाहणाऱ्याला जुनी आणि नवी दृश्ये यांतून निवड करता येत होती. ‘डॉक्टर हू’मधील १९६४च्या ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’ या कथेची डीव्हीडी २००३ साली निघाली, तिच्यातही नवे इफेक्ट्स ऐच्छिक होते. हा मार्ग आम्हांला आदर्श वाटतो. मुख्य पाठ वर आणि पाठभेद तळाशी, ही पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाळलेली शिस्त येथे एका बटणात उतरली आहे. स्ट्रीमिंगच्या व्यवहारात मात्र साधारणपणे एकच आवृत्ती पुढे ठेवली जाते, आणि ती बहुधा नवी असते. तळटीप नाहीशी होते आणि नवा पाठच मूळ म्हणून रूढ होतो.

यातला धोका आपल्या परंपरेने अनुभवलेला आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. हेतू निर्मळ होता, अधिकार निर्विवाद होता. तरीही एकनाथपूर्व पाठ कसा होता, हा प्रश्न पुढे उभा राहिलाच, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची प्रत प्रसिद्ध केली ती तो पाठ हाती आल्याच्या विश्वासाने. शुद्ध करणारा कितीही थोर असो, त्याच्या आधीची प्रत जपावी लागते. येथे तर शुद्ध करणाऱ्याच्या हाती व्यापारी हक्कही आहेत.

हा प्रश्न केवळ जुन्या मालिकांच्या चाहत्यांचा नाही. उद्या एखादा विद्यार्थी १९६७च्या दूरचित्रवाणीतील कॅमेऱ्याच्या हालचालींवर प्रबंध लिहील आणि पुराव्यादाखल चार दशकांनंतरची दृश्ये देईल. त्याचा तर्क निर्दोष असेल, निरीक्षण सूक्ष्म असेल, आणि निष्कर्ष संपूर्ण चुकीचा असेल. कारण त्याच्या हातातली प्रत कोणत्या सालची आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसेल. साहित्याच्या वर्गात आपण आवृत्तीचे साल विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पडद्यावरच्या संहितेलाही तोच प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावली पाहिजे. नव्या दृश्यांवर त्यांचे साल असावे, आणि जुनी दृश्ये मागणाऱ्याला मिळावीत. एवढ्या दोन गोष्टी पाळल्या, तर नवे यान कितीही दिमाखात उडाले तरी आमची तक्रार नाही.