पेनड्राइव्ह अडला म्हणून नोंद अडू नये



मागल्या आडसालीच्या नोंदीच्या वेळची गोष्ट. सेनगावच्या गट कार्यालयात एक सभासद सातबारा, आठ-अ आणि पासबुकाची प्रत पेनड्राइव्हमध्ये घेऊन आले. चिटबॉयने तो टर्मिनलला लावला, पण पडद्यावर काहीच उमटेना. "उद्या या," म्हणून सांगितले. उद्या-उद्या करता चार दिवस गेले. पाचव्या दिवशी नोंद पडली आणि तारीखही पाचव्याच दिवसाची लागली. तोडीची पाळी नोंदीवर बसते. पाळी हुकलेल्या उसाला तुरे येतात, पोकळी पडते, वजन घटते. ते सभासद आमच्यावर चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्तच होते.

आता दोष कुठे होता ते सांगतो. गट कार्यालयातले यंत्र म्हणजे थिन क्लायंट. त्याला स्वतःची डिस्क नाही. पडदा आणि कळफलक इथे, काम चालते दूरच्या लिनक्स सर्व्हरवर. पेनड्राइव्ह लावला इथे. तो तिथल्या सर्व्हरला आपोआप कसा दिसणार? जुन्या एलटीएसपी पद्धतीत ही ने-आण एलटीएसपी-एफएस नावाचा छोटा प्रोग्राम करतो. आणि ज्याच्या नावाने काम चालू आहे तो 'फ्यूज' गटात नसला, तर दार बंदच राहते.

म्हणून तपासणी क्रमाने व्हावी. आधी दुसरे भोक बघा. मग तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर लावा; तिथेही चालला नाही तर दोष पेनड्राइव्हचा. तिथे चालला, तर तो कोणत्या फॉरमॅटचा आहे ते पाहा. एक्स-फॅट असेल तर जुने लिनक्स तो जोड-प्रोग्रामावाचून वाचत नाही. कर्नलमध्येच ती सोय आली २०१९ साली, ५.४ पासून. कागदपत्रांना फॅट-३२ पुरते. एवढे करूनही अडले, तर चिटबॉयचे नाव गटात आहे का हे सर्व्हरवाल्यांना विचारा. आमच्याकडे घोडे इथेच पेंड खात होते. नाव घातले, बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले, की दोन मिनिटांत काम झाले. चार दिवस गेले ते कोणी विचारलेच नाही म्हणून.

काहीजण म्हणतात, व्हायरस येतो, ती भोकेच बंद करा. भीती खोटी नाही. पण ज्याच्या गावात नेट धड चालत नाही, त्याने कागद आणायचे कशात? आमचे मत असे, की भोक उघडे ठेवावे, पण पेनड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता लागावा.

वारणेला १९९८ साली सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना निघाली. पुढे २००६ च्या सुमारास तिथल्याच सात गावांत तीच माहिती मोबाईलच्या एसएमएसवर देण्याचा प्रयोग झाला. यंत्र बदलले, पण शेतकऱ्याचे प्रश्न तेच राहिले: नोंद झाली का, वजन किती, पैसे केव्हा?

म्हणून आमचे कारखान्याला स्पष्ट सांगणे आहे: यंत्र वाचो न वाचो, सभासद कागद घेऊन आला तीच नोंदीची तारीख धरावी आणि हाती लेखी पोच द्यावी. सभासदांनीही पेनड्राइव्हबरोबर एक झेरॉक्स संच आणावा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.

— ऊस विकास अधिकारी