आठ, चाळीस, चव्वेचाळीस : आर्पानेट कशामुळे कोसळले?

२७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचे पूर्वज असलेले अमेरिकी संगणक-जाळे, काही तास ठप्प झाले. या घटनेची सर्वत्र सांगितली जाणारी कथा फार सोयीची आहे : एका यंत्राच्या स्मृतीतून दोन बिट गळाले आणि सारे जाळे कोसळले. पानिपतचा पराभव विश्वासरावांना लागलेल्या एका गोळीच्या माथी मारणाऱ्या कथनाची ही सख्खी बहीण होय. गोळी लागली हे खरे, बिट गळाले हेही खरे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने निमित्तापाशीच थांबावे, हे काही बरे नव्हे.

कारण होते अंकांच्या एका वर्तुळात. आणि ते वर्तुळ बिघडलेल्या यंत्राने नव्हे, शहाण्यासुरत्या माणसांनी आखले होते.

अशा वर्तुळाशी मराठी इतिहासाच्या वाचकाची जुनी ओळख आहे. शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सरी झाला. संवत्सरे साठ, साठावे संपले की पुन्हा प्रभव. आपल्याकडची रीत अशी की शकात १२ मिळवावे, ६० ने भागावे आणि उरलेल्या बाकीवरून संवत्सर ओळखावे. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. पण शके १६५६ आणि शके १७१६ यांची बाकीही ४८ च येते. (उत्तरेकडे गुरूच्या गतीनुसार साधारण ८५ वर्षांनी एक संवत्सर गाळतात, त्यामुळे तिकडची नावे आणखी निराळी पडतात. तो गुंता येथे बाजूला ठेवू.)

आता दोन फाटके कागद समोर आहेत असे समजा. शकाचा आकडा दोन्हींवरून गेला आहे. एकावर ‘आनंद’ उरले आहे, दुसऱ्यावर ‘प्रभव’. आधीचा कोणता? आनंदपासून तेरा पावले पुढे गेले की प्रभव येते, म्हणून आनंद आधीचा, असे चटकन म्हणता येते. पण दोन्ही कागद तीस वर्षांच्या आतबाहेरचे आहेत हे अन्य पुराव्याने ठाऊक असेल तरच हे उत्तर टिकते. ती अट कागदावर लिहिलेली नसते. अभ्यासक ती बाहेरून आणतो. वर्तुळाला स्वतःचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ नसते.

संगणकशास्त्रात हेच वर्तुळ ‘रिंग बफर’ या नावाने वावरते : ठरावीक खणांची रांग, शेवटच्या खणानंतर पुन्हा पहिला. एक जण खणांत माल भरत जातो, दुसरा तो काढत जातो आणि दोघांची जागा बाकीच्या गणिताने ठरते. हे गणित दिसते तितके भोळे नाही. दोघेही एकाच खणापाशी उभे असतील तर बफर रिकामा आहे की काठोकाठ भरलेला? नुसत्या जागांवरून हे कळत नाही. म्हणून कोणी एक खण कायम रिकामा ठेवतो, कोणी मोजदाद वेगळी ठेवतो. खण शंभर असतील आणि ३२ बिटांचा मोजक अखंड चालू दिला, तर ४२९४९६७२९५ या शेवटच्या आकड्याची बाकी ९५ येते आणि पुढच्याच पावलाला मोजक शून्यावर जातो. ९६ ते ९९ हे चार खण त्या फेरीत वगळले जातात. खण ६४ किंवा १२८ ठेवण्याची रूढी येथूनच आली. तरीही रिंग बफर विश्वासाने वापरला जातो, कारण भरणाऱ्याने काढणाऱ्याला एका फेरीने मागे टाकायचे नाही, ही मर्यादा त्यात पाळायला लावलेली असते. एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्येच मर्यादित बफराची मांडणी करताना सेमाफोरची चौकी बसवली होती : रिकामी जागा नसेल तर भरणाऱ्याने थांबावे.

आर्पानेटमध्ये अशी चौकी नव्हती.

त्या जाळ्याच्या प्रत्येक केंद्रावर आयएमपी नावाचा छोटा संगणक असे. तो आपल्या शेजारच्या मार्गांची स्थिती नोंदवून ती नोंद साऱ्या जाळ्यात पसरवी. नोंदीवर सहा बिटांचा, म्हणजे ० ते ६३ असा, फिरता क्रमांक असे. हाती आलेली नोंद जवळच्या नोंदीपेक्षा नवी असेल तर ती जपावी आणि सर्व शेजाऱ्यांना धाडावी. जुनी असेल तर टाकून द्यावी. नवी कशी ओळखावी? वर्तुळावर पुढे ३२ पावलांच्या आत असेल तर नवी.

त्या दिवशी ५० क्रमांकाच्या आयएमपीच्या नावाने तीन नोंदी एकाच वेळी फिरू लागल्या. त्यांचे क्रमांक ८, ४० आणि ४४. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक बिट गळाला की १०१००० म्हणजे ४०. आणखी एक गळाला की ००१००० म्हणजे ८. शेजारच्या २९ क्रमांकाच्या यंत्रातील बिघाडाचा हा प्रताप. आता नियम लावून पाहा. ८ च्या पुढे ३२ पावलांवर ४०, म्हणून ४० नवी. ४० च्या पुढे चार पावलांवर ४४, म्हणून ४४ नवी. आणि ४४ च्या पुढे वळसा घालून २८ पावलांवर ८, म्हणून ८ नवी! तिघींपैकी प्रत्येक दुसरीहून नवी. यंत्रे त्या अखंड जपत आणि धाडत राहिली. अशा नोंदींना अग्रक्रम असल्यामुळे इतर कामाला वेळच उरला नाही. एखादे यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी शेजारी त्याच नोंदी परत त्याच्या पदरात घालीत. नोंदीचे वय मोजण्याची सोय होती. पण ती नोंद एका यंत्रात काही काळ थांबली तरच वय सरकत असे आणि या नोंदी थांबतच नव्हत्या. अखेर ५० क्रमांकाच्या नोंदींकडे दुर्लक्ष करा, अशी दुरुस्ती यंत्रांत घालावी लागली.

यात यंत्राने चुकीचे काय केले? २९ क्रमांक सोडला तर प्रत्येक यंत्राने नियम तंतोतंत पाळला. जाळे कोसळले ते नियम पाळल्यामुळे.

आरोप टाळण्यासाठी पहिला बचाव असा केला जातो की ‘३२ च्या आत’ या शब्दांत ३२ धरायला नको होते. एवढीच काय ती चूक. बरे, ३२ वगळू. मग ८, २९ आणि ५० हे क्रमांक घ्या : अंतरे २१, २१ आणि २२. चक्र तसेच फिरते. दुसरा बचाव म्हणजे अंक मोठे घ्यायला हवे होते. वर्तुळ चार अब्ज खणांचे केले तरी त्याच्या तिसऱ्या-तिसऱ्या भागावर तीन बिंदू ठेवता येतातच. प्रसंग दुर्मीळ होतो, वर्तुळाला क्रम लाभत नाही. अर्ध्या वर्तुळापेक्षा दूरच्या नोंदी एकत्र फिरणार नाहीत हे गृहीत धरले होते, पण ते पाळले जाते की नाही हे पाहणारे कोणी नव्हते.

हे पश्चातबुद्धीचे बोल आहेत, असे कोणी म्हणेल. तर एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये लिहिलेल्या अधिकृत अहवालाचे शीर्षकच पाहावे : ते जाळ्यांच्या नियंत्रण-नियमांतील दुबळेपणाबद्दल आहे, गळक्या बिटांबद्दल नाही. बिटांची कथा नंतरच्यांनी गोड करून घेतली.

पुढच्यांनी मात्र धडा नेमका घेतला. राडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये ‘लॉलीपॉप’ सुचवला : आरंभी सरळ काडी, मग वर्तुळ. ओएसपीएफ या मार्गनियमाच्या १९८९ च्या पहिल्या आवृत्तीत तो आला. पण वर्तुळ उरलेच होते. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत वर्तुळ काढून टाकले गेले आणि ३२ बिटांची सरळ रेघ आली, शकासारखी. क्रमांक संपलाच तर जुनी नोंद आधी साऱ्या जाळ्यातून पुसावी आणि मगच पहिल्यापासून मोजावे, असा तिथे नियम आहे. पाच सेकंदांत एकाहून अधिक नवी नोंद काढायची नाही असेही बंधन असल्यामुळे ती वेळ यायला सहाशेहून अधिक वर्षे लागतील. नियम तरीही लिहून ठेवला आहे.