जमेची बाजू डावी

बँकेची नोकरी सुटून आठ वर्षे झाली, तरी सकाळच्या चहाला कोणी ना कोणी सल्ला विचारण्यास येतेच. प्रश्न बहुधा ठरावीक असतात. गाळा विकत घ्यावा की भाड्याने, मुलाला भागीदार करावे की काही वर्षे पगारावर ठेवावे. गेल्या एप्रिलमध्ये आनंदनगरातील आमचे एक व्यापारी स्नेही आले, ते मात्र निराळाच प्रश्न घेऊन. बसता बसताच म्हणाले, “साहेब, मुलीची बाजू बदलावी की नाही, तेवढे सांगा.”

त्यांची कन्या तेरा वर्षांची. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात खेळते. लिहिणे, जेवणे, चेंडू फेकणे सारे उजव्या हाताने, आणि फलंदाजीही उजवीच. पाय मात्र विलक्षण चपळ. तिच्या प्रशिक्षकांनी सुचवले होते, की हिने यापुढे डाव्या बाजूने बॅट धरावी. घरात तीन मते पडली. वडिलांना त्यात राज्य स्पर्धा आणि दहावीला खेळाडूंना मिळणारे वाढीव गुण दिसत होते. आईला अभ्यासाची चिंता होती. आणि दादींचा स्पष्ट विरोध होता. “शुभकार्यात जो हात आपण पुढे करत नाही, तो खेळात तरी पुढे का करायचा?”

ज्या वाचकांना हा खेळ परिचित नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १८८७ साली शिकागोत एका सभागृहात बेसबॉलचा घरगुती अवतार म्हणून हा खेळ जन्मला. फलंदाजाने चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे धावायचे. हे अंतर ६० फुटांचे. चेंडू अडवून क्षेत्ररक्षकाने तो बेसवर आधी पोहोचवला, तर फलंदाज बाद. हा बेस फलंदाजाच्या पुढे उजव्या हाताला असतो. होम प्लेटच्या दोन्ही बाजूंस उभे राहण्याचे चौकोन आखलेले असतात. डावखुरा फलंदाज बेसच्या बाजूच्या चौकोनात उभा राहतो, म्हणून त्याला साडेतीन-चार फूट कमी धावावे लागते. शिवाय उजव्या फलंदाजाची बॅट फिरते तेव्हा शरीर बेसपासून उलट दिशेला वळते, तर डाव्याचे त्याच्याच दिशेला. चपळ खेळाडू तर चेंडू येत असतानाच पावले टाकू लागतो आणि तो हलकेच टोलवून धावत सुटतो. याला ‘स्लॅप’ म्हणतात. लाभ पाव सेकंदाच्या आसपास असेल. परंतु या खेळात तेवढ्यावर निकाल फिरतात.

आणखी एक गोष्ट. डाव्या बाजूने बॅट धरली, की उजवा हात मुठीच्या टोकाशी येतो आणि बॅटला ओढ देण्याचे काम त्याच्याकडे जाते. म्हणजे बलवान हात निकामी होत नाही, त्याला निराळे काम मिळते. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचे उदाहरण साऱ्यांना ठाऊक आहे. चेंडू फेकतात उजव्या हाताने, फलंदाजी डावी. २०१३ साली एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात त्यांनी नाबाद २२४ धावा केल्या, त्या याच डाव्या बाजूने. जपानचे इचिरो सुझुकी हेही उजव्या हाताचे. बालपणी वडिलांनी त्यांना डाव्या बाजूने उभे केले. २००४ साली अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत त्यांनी एकाच हंगामात २६२ हिट्सचा विक्रम नोंदवला.

स्नेह्यांना हे ऐकून हुरूप आला. मी त्यांना थांबवले. “शेठ, ही जमेची बाजू झाली. आता नावे बाजू पाहू.” ताशी ९० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदात पोहोचतो. तेवढ्यात तो ओळखायचा, निर्णय घ्यायचा आणि बॅट फिरवायची. बाजू बदलली, की इतक्या वर्षांत डोळ्यांना जडलेली सवय शून्यावर येते. काही महिने मुलगी वारंवार बाद होईल. जो लांब टोला आज तिला सहज साधतो, तो डाव्या बाजूने कदाचित कधीच साधणार नाही. आणि वर दिलेली दोन्ही उदाहरणे लहानपणी वळण लागलेल्यांची आहेत. ज्यांनी बाजू बदलली आणि ज्यांना ती लाभली नाही, त्यांची नावे कोठेही छापली जात नाहीत. कर्जाचा प्रस्ताव तपासताना केवळ भरभराटीच्या दुकानांकडे पाहून चालत नाही, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

इतके बोललो खरे, परंतु माझ्या मनात दुसरेच काही चालले होते. मी जन्मतः डावखुरा. शाळेत डाव्या हातात पेन्सिल दिसली, की पट्टी बसत असे. दोन वर्षांत हात उजवा झाला, अक्षर मात्र कायमचे आखडले. पुढे बँकेत रोखपाल असताना घाईच्या वेळी नोटा नकळत डाव्या हाताने पुढे जात. एकदा एका वृद्ध खातेदारांनी त्या घेण्यास नकार दिला. “लक्ष्मी अशी देतात का?” त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्यांची श्रद्धा होती. मी क्षमा मागून नोटा उजव्या हाताने दिल्या. पण त्या दिवशी मान खाली गेली, ती सायंकाळपर्यंत वर झाली नाही. माझा हात बदलताना मला कोणी विचारले नव्हते, हे त्या दिवशी पुन्हा आठवले.

म्हणून मी स्नेह्यांना विचारले, “मुलगी काय म्हणते?” ते क्षणभर गप्प झाले. तिला कोणी विचारलेच नव्हते.

रविवारी ते तिला घेऊन आले. प्रथम ती बोलेना. मग हळूच म्हणाली, “आजोबा, पहिल्या बेसवर मी दर वेळी एका पावलाने बाद होते. ते पाऊल मला हवे आहे. पण लांब टोला मारला, की सगळे माझ्याकडे पाहतात. तोही सोडायचा नाही मला.” वडिलांनी मान खाली घातली. आम्हा मोठ्यांचा सारा ऊहापोह तिने चार वाक्यांत मांडला होता.

मग आम्ही तिच्या प्रशिक्षकांशी बोलून असे ठरवले. नवी शाखा उघडायची, जुने दुकान बंद करायचे नाही. सुटीत आणि पावसाळ्यात सराव डाव्या बाजूने, सामने मात्र उजव्याच बाजूने. मुदत गणेशचतुर्थीपर्यंत. तोवर एकदोन अपयशांवरून कोणी निकाल द्यायचा नाही. सरावाची नोंद तिने स्वतः एका वहीत ठेवायची आणि मुदत संपल्यावर निर्णयही तिनेच घ्यायचा. कर्जातही पहिले काही महिने हप्ता मागत नाहीत. यंत्र बसायला आणि कामगारांचा हात बसायला अवधी द्यावा लागतो.

दादींची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले. वाद न घालता मी इतकेच म्हणालो, “दादी, आपल्या रोजमेळात जमा कोणत्या बाजूला लिहितात?” त्या हसल्या. “डावीकडे.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत. होकार दिला असेही नाही; पण नातीच्या सरावाच्या वेळी दूध तयार ठेवू लागल्या.

गणेशचतुर्थीला मुलगी वही घेऊन आली. डाव्या बाजूने ती पहिल्या बेसवर अधिक वेळा पोहोचत होती, हे नोंदींवरून दिसत होते. लांब टोला मात्र तिकडून एकही बसला नव्हता. तिचा निर्णय असा : बेस रिकामे असतील तर डावीकडून, सोबतिणी बेसवर उभ्या असतील तर उजवीकडून. नियमात हे बसते. पिचर चेंडू टाकण्यास सज्ज झाल्यावर बाजू बदलता येत नाही, एवढेच पथ्य. हा मार्ग आम्हा कोणाच्या मनात आला नव्हता.

यंदा जिल्ह्याच्या संघात तिची निवड झाली नाही. वडील निराश होऊन म्हणाले, “साहेब, मेहनत बुडीत खात्यात गेली.” मी काही उत्तर देण्याआधीच मुलगी म्हणाली, “पप्पा, मुदत माझ्या सरावाची संपली. खेळाची नाही.”

वाचकहो, आपल्या घरांतही हे प्रश्न वेगळ्या वेशांत येतात. वाणिज्य की विज्ञान, दुकान की नोकरी, मुंबई की परदेश. सल्ला जरूर द्यावा, आकडे मांडावेत, मुदत ठरवावी. पण ज्याच्या हातात बॅट आहे, त्याला आधी विचारावे. मला कोणी विचारले असते, तर कदाचित मीही उजव्याच हाताने लिहिले असते. परंतु अक्षर आखडले नसते.