बंद दाराची बाजू

‘फ्लॅट संस्कृतीनं माणसं तोडली’ हे वाक्य मराठीत इतक्यांदा लिहून झालं आहे, की ते आता कुणी तपासूनही पाहत नाही. त्याच्या मागोमाग चाळ येतेच: उघडी दारं, वाटीभर साखर, शेजारच्या काकू. मला या वाक्याशी भांडायचं आहे, तेही लखनौत बसून.

आधी चाळ. १९२०च्या दशकात मुंबईत बांधलेल्या बीडीडी चाळींत एका कुटुंबाच्या वाट्याला १६० चौरस फुटांची खोली आली, संडास सामाईक. तिथं दार उघडं राहिलं ते मन मोठं म्हणून नव्हे, खोली लहान म्हणून. जिव्हाळा होता, नाकारत नाही. पण कुणाची पाळी चुकली, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हेही अख्ख्या मजल्याला ठाऊक असे. गॅलरीत क्रिकेट खेळलेल्या मुलांच्या आठवणी आपण हौसेनं वाचतो. त्याच गॅलरीतून नळावर जाताना रोज मान खाली घातलेल्या सुनेच्या किती वाचल्या?

मग बंद दारानं तरी सुटका केली का? तीही नाही. मी गोमतीनगरात ज्या सोसायटीत राहते तिथं शेजाऱ्याचं नाव शेजाऱ्याला माहीत नसतं; त्याच्याकडे कोण, किती वाजता आलं हे मात्र फाटकावरच्या ॲपला माहीत असतं. एकट्या राहणाऱ्या एका भाडेकरू मुलीच्या पाहुण्याचा कॅमेऱ्यातला फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला: ‘रात्री साडेअकराला हा कोण?’ चाळीस जणांनी मत दिलं, तिचं दार एकानंही वाजवलं नाही. दोन महिन्यांत तिनं घर सोडलं. म्हणजे शेजार गेला आणि पाळत तेवढी उरली.

आसफउद्दौलानं १७८४मध्ये बांधायला घेतलेल्या बड्या इमामबाड्यात वाटाडे एका टोकाला काडी ओढतात आणि तिचा आवाज दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकवतात. भिंतींना कान असतात, असं सांगून टाळ्या घेतात. आमच्या सोसायटीनं हा खेळ कायमचा नियम करून टाकला आहे.

याच शहराच्या चौक भागातल्या जुन्या हवेल्यांना ड्योढी असते. आपल्या वाड्याची देवडीच ती. आलेला माणूस तिथं थांबतो, हाक देतो, आतून होकार आला तरच पुढे पाऊल टाकतो. थांबणं हा अपमान नसतो, रीत असते. अमेरिकेत मोटारघरं घेऊन फिरणारे लोक एका रात्रीपुरते शेजारी होतात. त्यांच्यातही अलिखित नियम आहे, की वाट लांबची पडली तरी दुसऱ्याच्या जागेतून आडवं जायचं नाही. गप्पा होतात त्या ही मर्यादा पाळली जाते म्हणून.

ड्योढीचे गोडवे गातानाही एक सांगायला हवं. तिथला पडदा घराचा होता, घरातल्या बाईचा नव्हता. तिच्या येण्याजाण्यावर घराचाच पहारा असे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं म्हटलं, तेव्हा तो जागेला नव्हे तर व्यक्तीला दिला. म्हणजे तो मालकाइतकाच भाडेकरूचा आहे, आणि रोज फाटकावर जिची पिशवी उघडून पाहतात त्या कामवालीचाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कॅमेरा फाटकावर ठेवा, कुणाच्या दारावर रोखू नका. पाहुण्यांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसा. सज्ञान माणसाकडे कोण येतं हा कमिटीच्या बैठकीचा विषय नाही, हे नियमावलीत लिहा. आणि जिन्याखाली दोन बाकं टाका, म्हणजे ज्याला बोलायचं आहे तो तिथं येऊन बसेल. चाळीचे उमाळे काढणाऱ्यांनीही एवढं मान्य करावं: ज्या माणसाला दार लावून घेता येत नाही, त्याच्या उघड्या दाराला स्वागत म्हणता येत नाही.