शेवटचा बाक आणि परवान्याची परीक्षा

"पाच वर्षे कसाबसा काठावर पास होत आला, तो ही परीक्षा काय देणार?" जालना शहरातील एका चर्चच्या आवारात, रविवारच्या मिस्सेनंतर, परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या एका तरुणाविषयी हे उद्गार आम्ही ऐकले. बोलणारे गृहस्थ दुष्ट नाहीत. त्या तरुणाच्या वडिलांनी अंबड तालुक्यातील मोसंबीची बाग गहाण टाकली, तेव्हा कागदांवर साक्षीदार म्हणून सही याच गृहस्थांनी केली होती. तरुण दहा पावलांवर उभा होता. त्याने ते ऐकले, आणि पुढले दोन रविवार तो दिसला नाही.

या उद्गारांशी आमचे भांडण आहे. त्यांत दया नाही एवढ्यासाठीच नव्हे, तर त्यांत विचारही नाही म्हणून.

परदेशी पदवी घेतलेल्या भारतीयांना येथे व्यवसायाचा परवाना मिळण्यापूर्वी 2002 सालापासून एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. एकाच दिवशी दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीत 150 प्रश्न आणि 150 मिनिटे. तीनशेपैकी 150 गुण मिळाले की उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बहुतेक सत्रांत चार-पाचांतून एखादाच पार पडतो. हा आकडा पाहून आम्हीही हबकतो. मात्र त्यावरून वर्गात मागे असलेल्याने प्रयत्नच करू नये असा निष्कर्ष काढणे, हे आम्हांस मान्य नाही.

त्या तीनशे गुणांची वाटणी पाहावी. ज्या शरीररचनाशास्त्राने पहिल्या वर्षी आमच्या मुलाला रडविले, त्याला येथे 17 गुण आहेत. शरीरक्रियाशास्त्राला 17, जीवरसायनाला 17. उलट औषधवैद्यकाला 33, शल्यचिकित्सेला 32, स्त्रीरोग व प्रसूतीला 30 आणि सामाजिक वैद्यकालाही 30. या चार विषयांचेच 125 होतात. सामाजिक वैद्यक म्हणजे लसीकरण, पाणी, साथी, माता-बालकांचे आरोग्य. घनसावंगी किंवा मंठा तालुक्यात लहानाचा मोठा झालेल्या मुलाने यातले निम्मे डोळ्यांनी पाहिलेले असते; केवळ ते पुस्तकात आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. वर्गाची गुणपत्रिका एका तराजूवर तोलते, परवान्याची परीक्षा दुसऱ्या.

शिवाय वर्गातले कमी गुण नेमके कशाचे, हेही कोणी विचारीत नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून निघालेला मुलगा एकदम अशा गावी जाऊन पडतो, जेथे व्याख्यान इंग्रजीत आणि रुग्ण रशियन बोलणारा. तोंडी परीक्षेत उत्तर ठाऊक असून जीभ वळत नाही. ते गुण जिभेचे गेले, बुद्धीचे नव्हे. परंतु सगळेच कमी गुण असे निरपराध नसतात, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शरीरक्रियाशास्त्र खरोखरच वाचलेले नसेल तर विकृतिशास्त्र पोकळ राहते, आणि त्यावरचे औषधवैद्यक तर केवळ पाठांतर. तेथे सहानुभूती उपयोगाची नाही. पुस्तक उघडावेच लागते. म्हणून अशा मुलाने पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी आणि चुकांचे तीन ढीग करावेत : वाचलेच नव्हते, वाचून विसरलो, आणि प्रश्नच नीट वाचला नाही. तिसरा ढीग पुष्कळदा अपेक्षेपेक्षा मोठा निघतो, आणि तो उपसायला सर्वांत सोपा असतो.

'खात्रीने उत्तीर्ण' असे फलक लावणारे शिकवणीवाले हा भेद सांगत नाहीत. त्यांना तो परवडणारा नाही. सर्वांना एकच शुल्क, एकच व्याख्यानमाला. आणि आठ तास चित्रफीत ऐकून मुलाला वाटते की अभ्यास झाला. गहाण बागेवर हे दुसरे कर्ज.

ही परीक्षाच सोपी करावी, असेही काही पालक म्हणतात. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. बदनापूरच्या एखाद्या वस्तीवरून रक्तस्राव होत असलेली गरोदर बाई जीपमध्ये घालून आणली जाते, तेव्हा तिला समोरच्या डॉक्टरची गुणपत्रिका मागता येत नाही. तिच्या वतीने ती कोणीतरी आधीच तपासलेली असावी लागते. 150 ची रेघ तिच्यासाठी आहे. ती तेथेच राहावी.

आणि देशातच शिकणाऱ्यांनी फार हसू नये. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने भारतातील पदवीधरांसाठीही समान अंतिम परीक्षा ठरविली आहे. 2023 साली ती पुढे ढकलली गेली, तरी कायद्यातले ते कलम पुसले गेलेले नाही. 2024 साली जालन्यात शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथेही शेवटचा बाक असणारच.

आता आपल्याविषयी. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो, पण त्या पाळण्यात परीक्षेला बसलेल्या मुलाला झोपू देत नाही. "निकाल लागला का?" हा प्रश्न दर रविवारी, दर लग्नात त्याला पंगतीत वाढायला उभे करायचे, आणि मध्येच काका सुचवितात, तोवर दुकानावर बस. त्याला हवेत आठ-दहा महिने, एक शांत खोली, आणि आठवड्यातून दोन तास एखाद्या अनुभवी डॉक्टरची सोबत, जे रुग्णाची हकिगत समोर ठेवून विचारतील, "बोल, आता पुढे काय करशील?" असे डॉक्टर आपल्या समाजात आहेत. आम्ही त्यांच्यापैकी दोघांना विचारले. एकांनी वेळ नाही म्हटले. दुसऱ्यांनी विचारले, "बसायचे कोठे?"

त्याच आवारात, शाळेच्या मागील बाजूस, एक खोली आहे. तीत नाताळच्या गोठ्याचे सामान आणि मोडके बाक आहेत. पंखा चालतो. किल्ली कोणाकडे असते, हे त्या गृहस्थांना ठाऊक आहे.