फिल्टर गेला तरी हुन्नर राहतो



आपल्या वस्त्यांत फोटो स्टुडिओ हा होतकरू तरुणांचा एक चांगला धंदा होऊन बसला आहे. थोडे भांडवल, एक कॅमेरा, एक संगणक, एक प्रिंटर आणि तयार नजर असली की दहा बाय दहाच्या खोलीत दुकान उभे राहते. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, जयंतीचे फलक ही तिथली रोजची कामे. पण सर्वांत मोलाचे काम वेगळेच असते. घरातले वडीलधारे माणूस जाते, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ठेवायला मोठा फोटो हवा असतो, आणि पेटीत सापडतो तो गिरणीच्या ओळखपत्रावरचा, शिक्का बसलेला, कोपरा कुरतडलेला इंचभर तुकडा. त्या तुकड्यातून आजोबांचा चेहरा पुन्हा उभा करायचा असतो. घरच्यांजवळ दुसरा फोटो नसतो.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाचा एखादा लाडका फिल्टर असतो. फिल्टर म्हणजे चित्रातल्या लाखो ठिपक्यांवर एकच गणित एका दमात चालवणारा हुकूम. एका फिल्टरने धूळ आणि ओरखडे पुसट होतात, दुसऱ्याने दाणेदारपणा कमी होतो, तिसऱ्याने उडालेला फोटो पुन्हा गडद होतो. काही फिल्टर फोटोशॉपमध्ये मुळातच असतात. काही दुसऱ्यांनी केलेले असतात व ते बाहेरून आणून जोडावे लागतात. त्यांना प्लग-इन म्हणतात. दोन-चार वर्षे एकच फिल्टर वापरला की कोणत्या फोटोला कोणता आकडा द्यायचा हे हाताला पाठ होते.

मग एक दिवस सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसते आणि यादीतून ते नाव नाहीसे होते, किंवा दिसले तरी राखाडी पडलेले असते. संगणक बिघडलेला नाही, चोरीही झालेली नाही. तरी कालपर्यंत दहा मिनिटांत होणारे काम आज दोन तासांवर जाते, आणि गिऱ्हाईक संध्याकाळी दारात उभे राहते. असे का होते?

याचे मोठे कारण ३२ आणि ६४ या दोन आकड्यांत आहे. ३२-बिट प्रोग्रामला फार तर ४ जीबी मेमरी हाताळता येते. मोठा फोटो आणि त्यावर अनेक थर असले की ती अपुरी पडते. म्हणून प्रोग्राम ६४-बिट झाले. विंडोजवर फोटोशॉपची पहिली ६४-बिट आवृत्ती, सीएस४, २००८ साली आली. मॅकवर सीएस५, २०१० साली. ६४-बिट फोटोशॉपमध्ये ३२-बिट प्लग-इन चालत नाही. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळावर चालत नाही, तसाच हा प्रकार. विंडोजवर दोन्ही प्रकारचे फोटोशॉप शेजारी-शेजारी बसवण्याची सोय बरीच वर्षे होती. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या फोटोशॉप सीसी २०१९ पासून ३२-बिट प्रकार बंद झाला. ज्या प्लग-इनच्या कर्त्याने ६४-बिट प्रत काढली नाही, त्याचा प्लग-इन तिथेच थांबला.

प्रोग्रामच्या पोटातले फिल्टर तरी सुरक्षित असतात का? तसेही नाही. फोटोला तैलचित्राचे रूप देणारा ‘ऑइल पेंट’ हा फिल्टर २०१२ च्या फोटोशॉप सीएस६ मध्ये होता. २०१४ च्या आवृत्तीतून तो काढून टाकला गेला. वापरणाऱ्यांनी मागणी लावून धरली आणि २०१५ मध्ये तो परत आला. परत आलेला फिल्टर मात्र संगणकातील ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर चालणारा होता. ज्यांची मशिने जुनी, त्यांच्या पडद्यावर तो राखाडीच राहिला.

निक कलेक्शनची कथा आणखी बोलकी आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी आणि दाणे कमी करण्यासाठी नावाजलेला हा फिल्टरांचा संच निक सॉफ्टवेअर या कंपनीचा. २०१२ साली ती कंपनी गुगलने विकत घेतली. मार्च २०१६ मध्ये गुगलने संच फुकट दिला आणि जगभरच्या छोट्या स्टुडिओवाल्यांनी तो बसवून घेतला. मे २०१७ मध्ये गुगलने सांगितले की यापुढे यात सुधारणा होणार नाही. म्हणजे फोटोशॉप पुढे जाणार आणि संच जागीच राहणार. ऑक्टोबर २०१७ मध्ये डीएक्सओ या फ्रेंच कंपनीने तो घेतला आणि २०१८ पासून सुधारलेला संच पैसे घेऊन विकला जाऊ लागला. पाच-सहा वर्षांत मालक तीन झाले. फुकटात मिळालेल्या फिल्टरवर ज्याने आपले सगळे काम उभे केले, त्याला या फेरबदलात कोणी विचारले नाही.

गिंप हा प्रोग्राम फुकट आणि खुला आहे. गरिबाच्या स्टुडिओला तो उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु मार्च २०२५ मध्ये गिंप ३.० आला तेव्हा २.१० साठी लिहिलेले जुने प्लग-इन नव्याने जुळवून घ्यावे लागले. फरक एवढाच की खुल्या प्लग-इनचा मजकूर कोणालाही वाचता येतो, त्यामुळे मूळ कर्त्याने सोडून दिला तरी जाणता माणूस तो दुरुस्त करू शकतो. आपल्यातील संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा करावे काय?

पहिली गोष्ट, लग्नसराईत नवी आवृत्ती बसवू नका. हातातली कामे संपवा, मग बसवा. बसवताना जुनी आवृत्ती काढून टाकायची का, असा पर्याय असतो. त्याची खूण काढा. दोन्ही आवृत्त्या शेजारी राहू द्या आणि नव्या आवृत्तीत आपले नेहमीचे फिल्टर एकेक करून तपासा. जुनी आवृत्ती पुन्हा उतरवून घेऊ, या भरवशावर राहू नका. मे २०१९ पासून अ‍ॅडोबीने वर्गणीदारांना चालू मोठी आवृत्ती आणि तिच्या आधीची एक एवढ्याच देण्याचे ठरवले.

दुसरी गोष्ट, ज्या जुन्या संगणकावर रीतसर परवान्याचे जुने फोटोशॉप आणि आवडता फिल्टर चालतो, तो भंगारात देऊ नका. त्याचे इंटरनेट काढून ठेवा आणि त्याला फक्त त्या कामासाठी वापरा. फॉरमॅट मारण्याआधी दहा वेळा विचार करा, कारण सीएस२ आणि सीएस३ यांचे परवाने चालू करून देणारे कंपनीचे सर्व्हर केव्हाच बंद झाले आहेत.

तिसरी गोष्ट, एक वही घाला. फिल्टरचे नाव, कोणता आकडा, कोणत्या प्रकारचा फोटो, सगळे लिहा. फोटोशॉपमध्ये ‘अ‍ॅक्शन’ करून ठेवली म्हणजे काम जपले, असे अनेकांना वाटते. पण अ‍ॅक्शन त्या फिल्टरलाच हाक मारते. फिल्टर नसला की ती त्या पायरीवर अडते. वही अडत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, फिल्टर जे करतो ते हाताने करायला शिका. जुन्या स्टुडिओत रिटचिंग करणारे कारागीर निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने सुरकुत्या आणि डाग भरीत. त्यांना कोणतीही आवृत्ती आडवी आली नाही. आजची रीतही अवघड नाही. मूळ थराची प्रत काढा. लेव्हल्समध्ये काळ्या आणि पांढऱ्या टोकाची खूण आलेख जिथे सुरू होतो व संपतो तिथे आणा. उडालेला फोटो निम्मा तिथेच उठतो. मग डस्ट अँड स्क्रॅचेस थोडाच चालवा आणि मास्क घालून तो फक्त पार्श्वभूमीवर व कपड्यांवर येऊ द्या. चेहऱ्यावरचे डाग हीलिंग ब्रशने एकेक काढा. डोळ्यांवर फिल्टर फिरवू नका. डोळे गुळगुळीत झाले की माणूस ओळखू येत नाही, आणि आजी म्हणते, “हे आमचे नव्हेत.”

आता घरच्यांसाठी दोन शब्द. स्टुडिओत फोटो दिला की फक्त सजवलेली प्रिंट घेऊन परत येऊ नका. कोरा स्कॅन, म्हणजे काहीही न बदललेला, टिफ फाइलमध्ये मागून घ्या आणि तो दोन ठिकाणी ठेवा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला तर जेमतेम ८२७ बाय १०६३ ठिपके मिळतात. ८ बाय १० इंची चांगल्या प्रिंटला ३०० डीपीआयच्या हिशेबाने २४०० बाय ३००० लागतात. सबब ६०० हून बराच जास्त डीपीआयचा स्कॅन मागा. मूळ कागद तर कधीच टाकू नका, कितीही फाटका असो.

मूळ फोटो आणि कोरा स्कॅन हाताशी असला तर फिल्टर गेल्याने एक संध्याकाळ वाया जाईल, थोडे पैसे जातील. उद्या नवा फिल्टर येईल, त्यावर पुन्हा काम करता येईल. पण फिल्टर लावलेली फाइल ठेवून मूळ पुसले असेल, तर आजोबांचा चेहरा त्या एका आवृत्तीच्या गणितात कायमचा अडकून राहील. म्हणून या रविवारी पेटी उघडा, जुने फोटो काढा, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव व साल लिहा. ते सांगणारी माणसे अजून घरात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.