झाडूचे अध्यात्म आणि 'मानधना'चे अर्थशास्त्र

पार्टीच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करण्याचे काम गेली काही वर्षे प्रस्तुत लेखिकेकडे आहे. अलीकडे एका ठरावाच्या मसुद्यातील 'मानधन' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली, तेव्हा एक ज्येष्ठ कॉम्रेड हसून म्हणाले, "शब्दांचा कीस काय काढता? भाषा हा इमला आहे, पाया उत्पादनसंबंधांचा. पाया बदलला की शब्द आपोआप बदलतील." हे मत त्यांच्या एकट्याचे असते तर चहाच्या कपावर ते संपले असते. परंतु आपल्या चळवळीत ते इतके मुरलेले आहे, आणि त्यापायी वर्गशत्रूचे इतके काम आपण फुकटात करून देतो, की त्याचा जाहीर समाचार घेणे भाग आहे.

'इमला' म्हणणाऱ्यांना एवढीच आठवण द्यावीशी वाटते, की १९५० साली 'प्रावदा'तील भाषाशास्त्राच्या वादात खुद्द स्तालिन यांनी भाषा इमल्यात मोडत नाही असे ठासून सांगितले होते. (भाषा वर्गातीत आहे हा त्या लेखांतला दुसरा निष्कर्ष मला पटत नाही, पण तो वाद वेगळा.) त्याच्या शंभर वर्षे आधी, १८४५-४६ च्या 'जर्मन विचारप्रणाली'त, मार्क्स-एंगल्स यांनी भाषा आणि जाणीव यांना एकाच वयाची भावंडे मानले होते. पण आधारवचने पुरे. प्रश्न ग्रंथांत नाही, रस्त्यावर आहे. आणि दिल्लीत तो गोल मार्केटपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे.

मंदिर मार्गावर सफाई कामगारांची वाल्मीकी वस्ती आहे. तिथल्या मंदिरालगतच्या खोलीत १९४६-४७ मध्ये गांधीजी राहिले होते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी याच परिसरात झाडू हाती घेऊन स्वच्छ भारत अभियानाचा आरंभ केला आणि गांधीजींचा चष्मा अभियानाचे बोधचिन्ह झाला. वस्ती, झाडू, चष्मा : तीनही प्रतीके अचूक निवडलेली. पाहणाऱ्याच्या मनात सफाई ही मजुरी न राहता व्रत झाली, आणि ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडूवाचून दुसरे काही आलेच नाही ते त्या चित्रातले पार्श्वभूमीचे लोक झाले. हा योगायोग नव्हता. २००७ साली, मुख्यमंत्री असताना, प्रसिद्ध झालेल्या 'कर्मयोग' या भाषणसंग्रहात याच गृहस्थांनी वाल्मीकी समाजाच्या या कामामागे केवळ पोटाची गरज नसून आध्यात्मिक प्रेरणा असावी, असे प्रतिपादन केले होते. म्हणजे जातिव्यवस्थेने सक्तीने लादलेले काम हा त्या जातीला झालेला साक्षात्कार! इतके उघडे वर्गीय विधान कारखानदारांच्या संघटनेलाही साधले नसते, कारण तिच्यापाशी अध्यात्माची भाषा नाही.

'वाल्मीकी' या नावाचा इतिहासही ध्यानात घ्यायला हवा. पंजाब-दिल्ली भागातील हा समाज पूर्वी लालबेग या पीराला मानणारा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्य समाजाच्या आणि तत्सम प्रचारकांच्या उद्योगातून आदिकवीचे नाव त्याच्या माथी बसले. त्या नावाने अनेकांची मान ताठ झाली हे खरे. त्या श्रद्धेची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि ज्या कार्यकर्त्यांनी ती केली त्यांना वस्तीत दुसऱ्यांदा कुणी बसायला सतरंजी दिली नाही. परंतु नाव बदलले, देव बदलला, झाडू मात्र हातातच राहिला. नाव कोणी दिले हा प्रश्न म्हणूनच निर्णायक ठरतो. डॉ. आंबेडकरांनी तो १९३८ साली मुंबई विधानसभेत उभा केला. अस्पृश्यांसाठी कायद्यात 'हरिजन' हा शब्द त्यांच्या प्रतिनिधींचा विरोध डावलून घातला जात आहे, हे पाहून स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला याच पक्षाने कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध संप केला. शब्दासाठी सभात्याग करणारे आणि संपावर उतरणारे लोक तेच होते. आपण त्यांतला संप तेवढा लक्षात ठेवला.

सत्ताधाऱ्यांना शब्दांचे मोल आपल्यापेक्षा अधिक कळते. ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी दूरचित्रवाहिन्यांना पत्र पाठवून 'दलित' हा शब्द टाळण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, दिल्लीच्या मोतीनगर भागातील एका उच्चभ्रू निवासी संकुलाच्या सांडपाण्याच्या टाकीत पाच कामगार गुदमरून मेले. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. पाय धुण्याचे छायाचित्र देशभर गेले. टाकीत उतरणाऱ्यांचे पाय कशात बुडतात, याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

कायद्याच्या भाषेची करामत याहून थंड आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करणे आणि गटार वा सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई यांच्या स्वतंत्र व्याख्या केल्या. त्यातही ठरवून दिलेली साधने व हातमोजे घालून काम करणारा माणूस 'हाताने मैला साफ करणारा' या व्याख्येतून बाद होतो. हातमोजे चढवले की नाम बदलते. परिणाम असा की जुलै २०२१ मध्ये, दलित पँथरच्या चळवळीतून पुढे आलेले राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत उत्तर दिले, की हाताने मैला साफ करताना एकाही मृत्यूची नोंद नाही. आणि ऑगस्टमध्ये त्याच मंत्रालयाने गटारे व टाक्या साफ करताना मेलेल्यांचा ९४१ हा आकडा सांगितला. दोन्ही उत्तरे कागदोपत्री खरी! माणसे एकाच खड्ड्यात मेली, फक्त दुसऱ्या रकान्यात. पुढे यांत्रिक सफाईची जी योजना आली, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'नमस्ते' हा शब्द जुळवून आणण्यात आला.

या फसवणुकीला अध्यात्म नाकारणे एवढेच आपले उत्तर असेल तर ते अपुरे आहे; कारण मराठी माणसाच्या परंपरेत श्रम आणि देव यांचे नाते उलट्या अंगानेही मांडलेले आहे. जनाबाईच्या कल्पनेत दळणकांडण म्हणजे योग होत नाही; विठोबाच येऊन जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो. श्रमाला देव्हाऱ्यात बसवून मजुरी बुडवण्याऐवजी देवालाच कामाला जुंपणारी ही दासी आपल्या अनेक प्रचारकांपेक्षा अधिक जाणती होती. गाडगेबाबांनी गावोगाव झाडू मारला, पण स्वतःच्या हाताने आणि कीर्तनाआधी. त्यानंतर वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न विचारून कर्ज, दारू, नवस-बळी यांवर लोकांनाच बोलते केले. आपल्या पायांना कोणी हात लावू नये असा त्यांचा दंडक होता. पाय धुवून घेणारा आणि पाय धुणारा या जोडीत त्यांना मुळी जागाच नव्हती. अण्णा भाऊ साठे यांनी १९५८ च्या दलित साहित्य संमेलनात पृथ्वी तोलणाऱ्या शेषाला बाजूला सारून तिथे कष्टकऱ्याचा हात आणला. तेही प्रतीकच होते, आणि ते आमच्या पार्टीतल्या माणसाने घडवले होते.

आता 'मानधना'कडे येते. अंगणवाडीची योजना १९७५ सालची. तिच्यात काम करणाऱ्या बाईचे नाव 'सेविका', हाताखालच्या बाईचे 'मदतनीस', आरोग्य खात्यासाठी दारोदार फिरणारी 'आशा स्वयंसेविका', आणि या साऱ्यांना मिळते ते 'मानधन'. सेवा हा शब्द देवळातून आला, मान हा शब्द दरबारातून. दोन्ही मिळून किमान वेतन, रजा, निवृत्तिवेतन हे शब्द तोंडातच येऊ देत नाहीत. मुंबई महानगरपालिकेने दत्तक वस्ती योजनेत कचरा उचलणाऱ्यांनाही 'स्वयंसेवक' केले. तिच्याच २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना आपण महापालिकेचे कामगार आहोत एवढे साधे वाक्य सिद्ध करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ते २०१७ साली सिद्ध झाले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू करताना, त्यांचे मानधन हे कायद्याच्या व्याख्येत वेतनच ठरते, असा निर्वाळा दिला. बुर्ज्वा न्यायालयाला जे उमगले, ते आपल्या मागणीपत्रकांत अजून उतरलेले नाही. 'मानधनात भरीव वाढ करा' असे आपणच छापतो.

शब्द बदलल्याने काय होते, याचे उत्तर सफाई कर्मचाऱ्यांनीच दिले आहे. मे २०२२ मध्ये सफाई कर्मचारी आंदोलनाने दिल्लीतून मोहीम सुरू केली, तिचे नाव होते 'आम्हाला मारणे थांबवा'. मराठीत भाषांतर करताना मला फरक प्रथम व्याकरणात दिसला. 'मरणे' अकर्मक आहे. 'गुदमरून मृत्यू', 'दुर्दैवी अंत' ही वृत्तपत्री भाषा कर्त्यावाचून चालते. 'मारणे' सकर्मक, ते लिहिताच कोणी मारले हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो, आणि कंत्राटदार, मालक, महानगरपालिका, मंत्रालय अशी उत्तरे क्रमाने येऊ लागतात.

ज्येष्ठ कॉम्रेडचा शेवटचा आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा होता : बायका स्वतःच मानधन म्हणतात, शासनाच्या आदेशातही तोच शब्द आहे, आपण वेगळा वापरला तर मागणी कोणाला कळणार? पण त्याच बायकांच्या संघटनांच्या फलकांवर 'अंगणवाडी कर्मचारी' असे लिहिलेले असते, 'सेविका' नव्हे. कर्मचारी हा शब्द त्यांना कोणी भाषांतर करून दिलेला नाही. मसुद्यात मी 'मानधन या नावाखाली दिले जाणारे वेतन' असे लिहून कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आहे. वाक्य लांबले, हे मान्य. अजून तो परत आलेला नाही.